ज्या नावाला ओ द्यायची नाही

या बायांनो, बाबांनो, जरा पुढे सरका. धुराकडे पाठ करून बसा म्हणजे डोळे चुरचुरणार नाहीत. चहा ज्याचा त्याने ओतून घ्या. आज मी तुम्हाला शार्लीनची गोष्ट सांगते. आपली आजी जिवंत आहे की नाही, एवढं एकच विचारायला ही पोर देशाच्या दुसऱ्या टोकाहून आली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला असं उत्तर दिलं की तिचं तर डोकं फिरलंच, माझंही फिरलं. प्रभूचं स्मरण करते आणि सुरू करते. मध्येच चुकले तर हसू नका, त्या दिवशी मी याहून जास्त चुकले होते.

इथे डार्विन शहराच्या बाजूला पावसाळा सरून रस्ते नुकतेच उघडले होते. माणसाहून उंच वाढलेलं गवत वाऱ्याने आडवं झालेलं, ठिकठिकाणी गवत जाळायला आमच्या लोकांनी लावलेल्या छोट्या आगी धुमसत होत्या आणि धुरावर घारी घिरट्या घालत होत्या. वरचा धबधबा मात्र पर्यटकांसाठी अजून बंद होता. पुराच्या पाण्याबरोबर मगरी डोहात चढून येतात. त्या गेल्या की नाही हे कळल्याशिवाय आम्ही रेंजर लोक तिथे कुणाला पाय बुडवू देत नाही. त्यासाठी डोहात पाण्यावर तरंगणारे लाल बोये दोराने बांधून सोडून ठेवतो. मगर असली की ती बोया चावल्याशिवाय राहत नाही. मग बोया ओढून काढायचा आणि दातांच्या खुणा बघायच्या. त्या दिवशी हे काम माझ्याकडे आणि क्लेमेंटकडे होतं. क्लेमेंट माझा धाकटा दीर. गाडी चांगली चालवतो, जीभ त्याहून चांगली.

राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात मी दोर गुंडाळत होते. तेवढ्यात पर्यटकांच्या बसमधून एक पोरगी उतरली. रंगाने आमच्यातलीच, पण पायात शहरातले पांढरे बूट. बाकीचे लोक नकाशाभोवती जमले, ही सरळ भिंतीपाशी गेली. तिथे आमच्या वडीलधाऱ्यांचे फोटो लावलेत. एका फोटोवर तपकिरी कागद चिकटवलेला होता, तिथे ती जरा थबकली आणि मग माझ्याकडे आली.

“तुम्ही इथल्याच का?”

“मग काय, आभाळातून पडले?”

“मी शार्लीन. ॲडलेडहून आले. माझी आई इव्हॉन.”

माझ्या हातातला दोर गळून पडला. इव्हॉन! आमच्यात ज्या कुळाशी सोयरीक होत नाही, नेमक्या त्याच कुळातल्या माणसाचा हात धरून गेलेली इव्हॉन. गेली ती लाजेने परत फिरकली नाही, आणि लाजेनेच आम्हीही तिचं नाव काढलं नाही. मी पोरीला मिठीच मारली.

“अगं लेकरा, म्हणजे मी तुझी आई!”

ती अंग चोरून म्हणाली, “माझी आई ॲडलेडला आहे.”

“ती आहेच. मी पण आहे. इव्हॉन माझी बहीण, मग मी तुझी कोण?”

“मावशी?”

“मावशी म्हण नाहीतर आई म्हण. आमच्यात दोघींना एकच शब्द.”

“आणि मी हिच्या नवऱ्याचा भाऊ,” क्लेमेंट दारातून ओरडला, “म्हणजे मी तुझा बाप. घाबरू नकोस पोरी, मला पहिल्यांदा बघितल्यावर सगळ्यांचंच तोंड असं होतं.”

“तुमच्याकडे बघून तर डबकंसुद्धा आटतं, भावजी,” मी म्हटलं. पोरगी हसली खरी, पण डोळे हसले नाहीत. ती भराभर बोलू लागली. इव्हॉनच्या दोन्ही मूत्रपिंडांनी दगा दिलाय. दिवसाआड मशीनला लावतात, शहर सोडता येत नाही. “आई म्हणाली, जा आणि फक्त बघून ये, माझी आई आहे का. असली तर तिच्या हातून तुझ्या डोक्यावर तिथलं पाणी घालून घे. नसली तर तेही सांग. संध्याकाळी मी फोन करणार आहे. ती फोनजवळ बसून राहील.”

आणि मग तिने आपल्या आजीचं नाव घेतलं.

मी ते नाव सांगणार नाही. आमच्यात माणूस गेलं की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. वडीलधारी मोकळीक देईपर्यंत ते कुणी उच्चारायचं नाही. उच्चारलं तर गेलेलं माणूस वाटेत थांबून मागे वळून बघतं, आणि मग त्याला पुढची वाट धड सापडत नाही. फोटोवरही म्हणूनच कागद लावतो. ते नाव ज्या बाईचं, ती मागच्या उन्हाळ्यात गेली होती.

गल्ल्यावरची पोरगी किल्ल्या मोजल्यासारखं करू लागली. क्लेमेंट, जो झोपेतही बोलतो, तो टोपी काढून बाहेर गेला.

शार्लीन सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागली. “काय झालं? ओळखत नाही का कुणी तिला?”

“ते नाव घेऊ नकोस, बाळा.”

“का?”

“नसतं घ्यायचं.”

“पण ती इथे आहे का नाही?”

“होती,” मी म्हटलं.

या एका शब्दाने सगळा घोळ झाला. पण मी तरी काय करणार? इव्हॉन लहानाची मोठी झाली ती त्या गेलेल्या बाईच्या घरात. मी आणि इव्हॉन तिच्याच मच्छरदाणीत झोपायचो, तिच्याच हातचा मार खायचो. इव्हॉन पळून गेल्यावर दर बसला ती रस्त्यावर येऊन उभी राहायची. इव्हॉनची आई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? इव्हॉन कुणाच्या पोटची, हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आमच्यात असं विचारणं म्हणजे नदीच्या पाण्याला तू कुठल्या ओहोळातून आलंस, असं विचारण्यासारखं आहे.

पोरगी तिथेच फरशीवर बसली. बराच वेळ रडली. मग कागद लावलेल्या फोटोकडे बोट करून म्हणाली, “तीच का?”

मी मान हलवली.

“निदान चेहरा तरी बघू द्या.”

“नाही गं बघता येत.”

“नाव घ्यायचं नाही, चेहरा बघायचा नाही, ती होती एवढंच ऐकून परत जायचं? तुम्ही स्वतःला माझी आई म्हणवता ना? कसली आई तुम्ही?”

ज्या गोष्टी आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो त्या कुणाला समजावून सांगायची वेळ आली की शब्दच सापडत नाहीत. ती उठली आणि फोनकडे निघाली. मी आडवी आले. “संध्याकाळी करणार होतीस ना? मग संध्याकाळीच कर. आत्ता माझ्याबरोबर चल. वरच्या धबधब्यापाशी अजून एक आजी बसलेली असेल, तिच्या हातून पाणी घालून घे.”

“मला अजून एक आजी नकोय. मला माझी हवी होती.”

“पोरी, इथे दुसरी-तिसरी असं काही नसतं,” क्लेमेंट बाहेरून म्हणाला. “ज्या आहेत त्या सगळ्या पहिल्याच. चल, बस गाडीत. नाहीतर तुझी ही आई मलाच डोहात सोडेल.”

ती आली. यायची इच्छा होती म्हणून नव्हे. पर्यटकांची बस निघून गेली होती आणि आईला ती बातमी द्यायला तिची जीभ रेटत नव्हती, असं मला वाटतं. वाटेत केतकीची बनं गेली, वारुळांचं माळरान गेलं, दलदलीवरून काळ्यापांढऱ्या बदकांचा थवा उठला, एक छोटा कांगारू गाडीसमोरून उड्या मारत गेला. तिने कशाकडे बघितलं नाही. क्लेमेंटने गाडी थांबवून झाडावरची हिरव्या मुंग्यांची एक डहाळी मोडली. “चाट. लिंबासारखं लागतं. रडून घसा सुकला असेल.”

“मुंग्या?”

“बाप देतो ते खावं.”

तिने खाल्ल्या, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा डहाळी मागितली. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

धबधब्यापासून बऱ्याच अंतरावर क्लेमेंटने गाडी लावली आणि एका जाड निलगिरीच्या बुंध्याला तोंड करून, डोहाकडे पाठ करून तो खाली बसला.

“हे का येत नाहीत?” शार्लीनने विचारलं.

“तिथे बसलीय ती माझी मावशी, म्हणजे माझी आईच, म्हणून त्याची सासू लागते. जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. मान असतो तो.”

“मग काही सांगायचं असलं तर?”

“अरे झाडा,” क्लेमेंट बुंध्याशी मोठ्याने बोलू लागला, “बाईंना सांग, राखेत भाजलेली भाकरी आणलीय, अजून गरम आहे. आणि मासे मिळाले असतील तर जावई उपाशी आहे, हेही सांग.”

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. हे लोक वेडे आहेत की आपण, हे तिला ठरवता येत नव्हतं.

कड्यावरून पाणी दोन धारांनी उतरत होतं. पावसाळ्यात त्याचा नुसता पांढरा धूर होतो. आता धारा वेगवेगळ्या दिसत होत्या, खाली काळपट हिरवा डोह आणि तुषारांनी ओले झालेले लाल खडक. त्यातल्याच एका उंच खडकावर म्हातारी गळाची दोरी बोटाला गुंडाळून बसली होती, शेजारी तिचं कुत्रं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण मासा दोरीला नुसता हुंगला तरी तिला कळतं.

या म्हातारीला आम्ही ‘निनावी’ म्हणायचो. मी म्हणायचे निनावी मावशी. का, ते आता सांगते. गेलेल्या बाईचं जे नाव, तेच हिचंही नाव. दोघी चुलत बहिणी, एकाच पणजीवरून नाव ठेवलेलं. एक गेली, तिचं नाव झाकलं, म्हणजे हिचंही झाकावं लागलं. जिवंत माणसाला हाक मारावी आणि गेलेल्याने वळून बघावं, असं व्हायला नको. म्हणून तिच्यासारख्यांना तेवढ्या काळापुरतं निनावी म्हणतात. आणि बघा, वर्षभर आम्ही ते नाव तिच्यावरून इतकं पुसून टाकलं होतं, की ते हिचंही आहे हे माझ्या मनात आलंच नाही.

“मावशी,” मी ओरडून म्हटलं, धबधब्याच्या आवाजात ओरडावंच लागतं, “पोर आणलीय शहरातून. पाणी घाल हिच्यावर.”

“कुणाची?”

इव्हॉनचं नाव एकदम काढावं की नाही, मला कळेना. इव्हॉन गेल्यापासून मावशीच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. रागाने काढत नसेल, असं मी धरून चालले होते. “आपल्यातलीच,” मी म्हटलं. “सांगते मागाहून.”

“मग बसू दे. आधी मासा लागू दे.”

शार्लीन तोंड फिरवून लांब बसली. मी बोये ओढायला गेले. पहिला स्वच्छ निघाला. दुसऱ्यावर भोकं होती. मी तो उन्हात धरून फिरवून फिरवून बघत होते. माणसाच्या वाटेला न जाणाऱ्या लांब तोंडाच्या सुसरीचे बारीक दात म्हणावेत तर काही भोकं मोठी, मोठ्या मगरीचे म्हणावेत तर जबडा अरुंद. काहीच ठरेना. वर बघते तर पोरगी डोहाच्या अगदी काठाला!

“मागे हो! शार्लीन, मागे हो!”

तिने ऐकलं नाही. तिने दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि कड्याकडे बघून, होता नव्हता तेवढा जोर लावून, ते नाव पुकारलं. कड्यावर आपटून ते परत आलं. तिकडे क्लेमेंटने कानांवर हात दाबले.

आणि खडकावरून आवाज आला, “ओ!”

लहान पोरीने द्यावी तशी, खणखणीत ओ. दिली, आणि मावशीने स्वतःच्याच तोंडावर हात आपटला. सत्तर वर्षांची सवय ती. वर्षभर दाबून ठेवली होती, पण कुणी इतक्या जिवाने हाक मारल्यावर ती थोडीच थांबणार?

कुत्रं भुंकू लागलं. मी धावत जाऊन पोरीला काठावरून ओढलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“तुम्ही का ओ दिलीत?”

“माझं नाव घेतलंस म्हणून.” मावशी म्हणाली. “किती दिवसांनी माझ्या नावाने कुणी हाक मारली गं! घ्यायला नको होतंस. कोण तू?”

“पण तुम्ही तर गेलात म्हणाले.”

“मी गेले? कोण म्हणालं?”

दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं.

“अरे झाडा,” क्लेमेंट तिकडून ओरडला, “कुणीतरी मला सांगा, कोण मेलं आणि कोण बोललं!”

“गप बसा भावजी!”

“मी झाडाशी बोलतोय!”

मावशीने दोरी सोडली नव्हती. ती पुन्हा म्हणाली, “कुणाची तू?”

“इव्हॉनची.”

आता दोरी सुटली. गळाला मासा होता की नव्हता कोण जाणे, दोरी सरसरत पाण्यात गेली आणि मावशीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने आपल्या पोटावर हात ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

“ती इथून आलीय,” ती म्हणाली. “मला छातीचा आजार होता. तान्ही होती ती, आणि मला लांब डार्विन शहरातल्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. माझी बहीण, जी आता गेली ती, तिने लेकरू उचललं, स्वतःचं दूध पाजलं. मी बरी होऊन आले तर पोर तिच्या पदराला चिकटलेली. मी म्हटलं, राहू दे. मी रोज जायचे, वेणी घालायचे, मासे द्यायचे. पोरगी दोघींना आई म्हणायची. कधी कुणी मोजमाप केलं नाही.”

शार्लीन खडकाखाली उभी, गालांवर पाण्याचे तुषार आणि डोळ्यांतलं पाणी एक झालेलं. “मग माझी आजी गेली की आहे?”

“गेली,” मावशी म्हणाली.

“आणि तुम्ही?”

“मी आहे की.”

“म्हणजे?”

“म्हणजे गेली. आणि आहे.”

पोरीने डोकं धरलं. “मग आईला मी काय सांगू? ती फोनजवळ बसलीय. एक शब्द हवाय तिला. हो की नाही!”

आमच्या मिशनच्या देवळात उपदेशक गात गात सांगतो ना, की प्रभू एका हाताने घेतो तेव्हा दुसरा हात उघडलेला असतो. मी ते हजारदा टाळ्या वाजवत ऐकलंय, पण दोन्ही हात एकाच वेळी समोर आले की माणसाने कुठल्याकडे बघावं, हे त्यानेही कधी सांगितलं नाही.

मावशी मात्र कामाला लागली. तिने ओल्या पानांच्या डहाळ्या मोडून आणायला मला पिटाळलं, नाव घेतल्याचं काही अंगाला चिकटू नये म्हणून खडकाच्या आडोशाला धूर केला, पोरीला त्यातून नेलं, स्वतः गेली, मलाही ढकललं. मग कड्याकडे तोंड करून ती आमच्या भाषेत बोलली, “बहिणी, वळू नकोस. तुला नाही बोलावलं, मला बोलावलं. पोरगी नवी आहे, तिला ठाऊक नव्हतं. तू आपली वाट धर.” डोहाचं पाणी मी घेऊ दिलं नाही, त्या बोयाचा उलगडा मला झालेला नव्हता. कडेला खडकातून एक झुळझुळ येते, तिथे ओंजळ धरून मावशीने तोंड भरून पाणी घेतलं आणि फुर्रकन पोरीच्या डोक्यावर उडवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा उडवलं, आणि तिथे राहणाऱ्या आमच्या पूर्वजांना सांगितलं, “म्हाताऱ्यांनो, ही माझ्या पोटातली आहे, आणि बहिणीच्या दुधातली आहे. हिचा वास घ्या. हिला त्रास देऊ नका.”

परतताना गाडीत मधोमध चादर बांधली. पुढे क्लेमेंट आणि मी, मागे सासूबाई, नात आणि कुत्रं.

दुकानाबाहेरच्या फोनपाशी पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. शार्लीनने नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला तिकडून उचलला.

“आई, आहे,” ती म्हणाली. मग थांबली. “आई, पण गेली.”

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. पोरीने आमच्याकडे बघितलं. “विचारतेय, कोण? नाव सांग म्हणते.” पण नाव तर दोघींचं एकच, आणि तेही घ्यायचं नाही! मावशीने ओठांवर बोट ठेवलं. शार्लीन चाचरत म्हणाली, “जिच्या पोटची तू, ती इथे उभी आहे माझ्याजवळ. जिच्या मच्छरदाणीत झोपायचीस ती... ती गेली, आई.”

फोनमधून जो आवाज आला तो आम्ही चार पावलांवरून ऐकला. शहरात एवढी वर्षं काढली तरी इव्हॉन रडणं विसरली नव्हती. आमच्या बाया जसं सुरात, वर चढवत चढवत रडतात, तसंच. मध्येच ती हसल्यासारखी वाटायची, मध्येच श्वास कोंडायचा.

“मावशी,” शार्लीन फोन हातात धरून मला म्हणाली, “आई हसतेय की रडतेय? मला कळत नाही.”

निनावी मावशीने तिच्या हातातून फोन घेतला. हॅलो नाही, काही नाही. तिकडचा सूर ऐकला आणि त्याच सुरात तीही रडू लागली, लेकीच्या रडण्याला आपलं रडणं जोडून. भिंतीच्या पलीकडे क्लेमेंट आमच्याकडे पाठ करून उभा होता. कुठल्याच झाडाशी काही बोलला नाही.

शार्लीन अजून इथेच आहे. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत थांबते म्हणाली. मला एक दिवस मावशी म्हणते, एक दिवस आई. मोठी मगर होती की सुसर, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. डोह या वर्षी उशिरा उघडला.

आता घरी जा. पण जाण्याआधी एक मागते. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा ॲडलेडला मशीनच्या नळ्या हातात घेऊन बसलेल्या इव्हॉनची आठवण ठेवा. तिला अजून घरी येता आलेलं नाही. तिचं नाव मनातल्या मनात घेऊ नका, मोठ्याने घ्या. ते अजून घेता येतं.